इंटरव्हलमधली साडी

मामाने ज्या रुमालात नाक शिंकरलं, त्याच रुमालाने आईचे डोळे पुसले.

थिएटरात अंधार होता, तरी पडद्याच्या उजेडात मला स्वच्छ दिसलं. त्याने घडीसुद्धा उलटी केली नाही. आईने मान मागे घेतली, तर दुसऱ्या हाताने तिचं डोकं धरून पुसलं, लहान पोराचा शेंबूड पुसावा तसं. आणि आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतंच. काय पुसत होता कोण जाणे.

मी नर्स आहे. सगळं आयुष्य सरकारी दवाखान्यात गेलं. रक्त, पू, ओकारी, बेडपॅन, कशाचं म्हणून मला काही वाटत नाही. वॉर्डातून हात धुऊन आले की पाच मिनिटांत मी डबा उघडून बसते, नव्या पोरी तोंड फिरवतात. पण तो रुमाल आठवला की आजही हातातला घास खाली ठेवते. निळ्या चौकडीचा होता.

त्या सिनेमाचं नाव मी घेत नाही. घेतलं की बायका ‘अगं बाई, काय सिनेमा होता गं’ म्हणतात आणि तिथेच पदर डोळ्याला लावतात. गोष्ट सांगते, तेवढी पुरे. आईबाप नसलेले भाऊबहीण. बहीण धुणीभांडी करून भावाला शिकवते, भाऊ साहेब होतो, भावजय कैदाशीण निघते, बहिणीला घराबाहेर काढते. मग भावाच्या दोन्ही किडन्या जातात आणि बहीण आपली एक किडनी त्याला देते. ती कुठे असते हे नटीला ठाऊक नसावं, कारण ‘दादा, माझी किडनी तुझीच आहे’ म्हणताना ती छातीवर हात ठेवायची. मी त्या वर्षी बारावी सायन्सला होते, एवढं मला कळत होतं. पण थिएटरात हसण्याची सोय नव्हती. सगळ्या बाजूंनी बायकांनी गळे काढले होते.

आणि ते गाणं. त्यात ‘दादा’ हा शब्द इतक्यांदा येतो की मोजायचं म्हटलं तर माणूस दमेल, आणि दर वेळी गाणारी त्यातला ‘दा’ अशी लांबवते की ऐकणाऱ्याचं हातातलं काम थांबतंच. त्या दिवाळीला गावात दुसरं काही वाजत नव्हतं. पिठाच्या गिरणीत तेच, ट्रॅक्टरवर तेच, रसवंतीवर तेच. आईकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माप देता देता तेच गुणगुणायच्या आणि हात वर केला की थांबायच्या.

आईचं नाव अनसूया, गाव तिला अनसाक्का म्हणायचं. माझा बाप पुण्याला ड्रायव्हरकी करायला गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. तेव्हा मी रांगत होते. आईचे वडील, म्हणजे आमचे नाना, स्वतः जाऊन आम्हाला घेऊन आले आणि त्यांनी आपल्या घरातली रस्त्याकडची खोली आईला दिली. खोलीला रस्त्यावर दार नव्हतं. नानांनी भिंत फोडून दार बसवलं, शिलाई मशीन आणून ठेवलं आणि चार माणसांत सांगितलं, ही खोली अनसाची. कागद काही केला नाही. बापाच्या शब्दावर कागद मागायचा असतो हे तेव्हा कुणाला सुचणार?

नाना गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि आठवडाभरात एक खताचा दुकानदार हातात टेप घेऊन आमच्या खोलीत शिरला. आई मशीनवर बसलेली, मी अभ्यास करत होते. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेपचं एक टोक मशीनच्या पायाशी धरलं आणि दुसरं दारापर्यंत ओढत नेलं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ रंगराव, दारात उभा होता. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, अगं नुसतं बघायला आलेत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, खोली त्यांना भाड्याने द्यायचं ठरतंय, तुम्हाला मागे गोठ्याशेजारी पत्र्याचं शेड मारून देतो, वाऱ्याला छान आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, घर माझ्या एकट्याच्या नावावर व्हायला पाहिजे, तू हक्क सोडल्याची सही कर. आई ‘बघू’ म्हणाली. मग दोन महिने ‘बघू’च म्हणत राहिली.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात बहिणीने वाटा सोडला की भावाने तिला चारचौघांत साडीचोळी करायची. साडी अंगावर घेतली की बोलणं संपलं. कचेरीतली सही मग नुसती उरकायची राहते, आणि साडी घेऊन सही नाकारणाऱ्या बाईला गावात पाणी कुणी विचारत नाही. दिवाळीला भाऊबीजेची साडी येते ती वेगळी, ती घरात, पाटावर. ही चारचौघांतली वेगळी. लहान पोरीलाही हा फरक कळतो.

त्या वर्षी भाऊबीजेला मामाने आईला साडी दिली नाही. ब्लाउजपीस दिला. आईने तो घडी करून ठेवला, मीच रात्री धुसफुसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेजाऱ्याची जीप घेऊन दारात हजर. तालुक्याच्या थिएटरने स्कीम काढली होती. भाऊबीजेच्या आठवड्यात भावाबरोबर मॅटिनीला येणाऱ्या बहिणीची इंटरव्हलमध्ये स्टेजवर खणानारळाने ओटी भरणार. रिक्षातून भोंग्यावर सांगत फिरत होते. मामा म्हणाला, आक्का, चल, तुला सिनेमा दाखवतो. मामीचं डोकं दुखत होतं म्हणे. मी मागे लागले म्हणून मला घेतलं, नाहीतर त्याच्या मनात नव्हतं.

आई यायला तयार झाली याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. पण तिने कपाटातलं ठेवणीतलं लुगडं काढलं, गजरा मागवला. तिला वाटलं असेल, भाऊ वळला. माहेर म्हटलं की शहाण्या बाईचीही अक्कल चुलीत जाते.

जीपमध्ये मामा बोलत होता. तो चांगला बोलायचा. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा आक्का मला पाठुंगळी मारून न्यायची, हे त्याने ड्रायव्हरला सांगितलं. माझी गोडी शेव संपली की आपल्या पुड्यातली मला द्यायची, स्वतः खायची नाही, असली बहीण लाखात एक, हे सांगताना त्याचा आवाज ओला झाला. ड्रायव्हरने मान हलवली. आई खिडकीबाहेर बघत होती.

मामा रडका होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कीर्तनात रडायचा, दुसऱ्यांच्या मुली सासरी जाताना रडायचा, शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून बोलावला तर भाषणात रडायचा. लोक म्हणायचे, रंगराव मनाचा फार हळवा. आणि तो खोटं रडत नव्हता, हे मला आधीच सांगायला पाहिजे. खोटं रडला असता तर मी त्याला लबाड म्हणून मोकळी झाले असते. त्याचे अश्रू खरे होते, गरम होते, आणि ते येत असताना त्याचा दुसरा हात त्याला हवं ते करत राहायचा.

थिएटर गच्च होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका आल्या होत्या. घामाचा, गजऱ्यांचा आणि वड्याच्या तेलाचा वास एकत्र झाला होता आणि वर पंखे नुसते घरघरत होते. आमच्या शेजारी एक धिप्पाड बाई बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या, स्वभावाने मायाळू. तिने मला पेपरमिंट दिलं. पडद्यावर भावजयीने नणंदेला धक्के मारून बाहेर काढलं तेव्हा तिने ‘मुडदा बशिवला तुझा’ म्हणून भावजयीला शिवी घातली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आईची ओळख ना पाळख. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मागची एक म्हातारी पडद्यातल्या बहिणीला मोठ्याने सांगत होती, जाऊ नको बये, घर तुझंबी हाय.

हे वाक्य मी विसरले नाही.

मग गाणं लागलं. अख्खं थिएटर नाक ओढायला लागलं. मामाच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्याने सबंध सिनेमाभर खाली ठेवली नव्हती. मला वाटलं भडंग असेल, इंटरव्हलला काढेल. गाणं रंगात आलं तसा तो गदगदून रडायला लागला, रुमाल काढला, आणि पुढचं मी सांगितलंच.

दिवे लागले. सगळ्यांची तोंडं सुजलेली. पडद्यासमोरच्या लाकडी स्टेजवर मॅनेजर माइक घेऊन चढला. त्याच्याबरोबर थिएटरमालकाची बायको, हातात ताट, ताटात हळदकुंकू, खण आणि नारळ. एकेक जोडी वर जायची. भाऊ नाव सांगायचा, गाव सांगायचा, मालकीणबाई ओटी भरायची, टाळ्या पडायच्या. कुणी लाजत होतं, कुणी हसत होतं. एक म्हातारा आपल्या म्हाताऱ्या बहिणीला हाताला धरून घेऊन गेला, आणि खरं सांगते, तेव्हा माझेही डोळे भरून आले. तोवर सगळं चांगलं चाललं होतं.

आमची पाळी आली. मामा पिशवी घेऊनच वर चढला. मालकीणबाईने आईला कुंकू लावलं, पदरात नारळ घातला. आई खाली उतरायला वळली, तेवढ्यात मामाने मॅनेजरच्या हातातून माइक घेतला.

“मायबहिणींनो,” तो म्हणाला, आणि तिथेच त्याचा आवाज फुटला. “पडद्यावरची बहीण तुम्ही बघितली. माझी बहीण ही तुमच्यापुढं उभी आहे. आमचे वडील गेले, आणि हिनं मला जवळ बोलवून सांगितलं, रंगा, मला घर नको, मला वाटा नको, मला फक्त तू पाहिजेस.”

बायकांमधून ‘आई गं’ असा आवाज उठला. मी खुर्चीत ताठ झाले, कारण असलं काही आई कधीच बोलली नव्हती. मामाने पिशवीत हात घातला आणि साडी काढली. मोरपंखी होती, रुंद जरीच्या काठाची. नीट घडी केलेली, वर खण ठेवलेला. आणि मग मला दोन महिन्यांच्या ‘बघू’वरचा मामाचा तोडगा कळला, ब्लाउजपीस कळला, मामीची डोकेदुखी कळली, जीप कळली. चारचौघांत साडी करायची होती. गावात चार माणसं जमवली असती तर त्यातला एखादा नानांचा शब्द आठवणारा निघाला असता. इथे हजार बायका होत्या, नानांना ओळखणारी एकही नव्हती, आणि सगळ्या आधीच रडून मऊ झाल्या होत्या.

मामा रडत रडत साडीची घडी उलगडू लागला. आईच्या खांद्यावर टाकायची म्हणून.

आईने हात पुढे केला नाही. मागेही सरली नाही. पदरातला नारळ तिने एका हाताने धरला होता, दुसऱ्या हाताने साडीची घडी होती तशी दाबून धरली, उलगडू दिली नाही. खालून लोकांना ते प्रेमच वाटलं असणार. टाळ्या सुरू झाल्या. मॅनेजरला राहवेना, तो म्हणाला, आता ताईंनी दोन शब्द बोलावे, आणि त्याने माइक आईच्या तोंडापुढे धरला.

आईने जन्मात माइक धरला नव्हता. तोंड फार जवळ नेलं, माइक किंचाळला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर हात ठेवले. मग ती थोडी मागे झाली.

“रंगा, साडी नको,” ती म्हणाली. “मी वाटा सोडलेला नाही. मला माझी खोली पाहिजे.”

एवढंच. आवाज चढवला नाही. ब्लाउजची बाही केवढी ठेवायची हे बाईला सांगावं, तसं सांगितलं.

क्षणभर नुसते पंखे ऐकू आले. मग मागून कुणीतरी ‘काय बाई तरी ही’ म्हणालं, आणि ते पुढे पुढे येत मोठं झालं. शिट्ट्या झाल्या. मामाच्या हातून साडी गळाली, आणि त्याने स्टेजवर, सगळ्यांदेखत, आईच्या पायांवर डोकं ठेवलं. “आक्का, माझं काय चुकलं गं?” माइक मॅनेजरच्या हातात तसाच चालू होता, त्याचा हुंदका पार गेटपर्यंत गेला असेल. तो खरंच रडत होता. त्याला खरंच कळत नव्हतं. माणूस इतका मनापासून घाण असू शकतो, हे मी तिथे पहिल्यांदा बघितलं.

मॅनेजर घाबरला. त्याने वर केबिनकडे हात केला, आणि ऑपरेटरने काय समजायचं ते समजून गाणं लावलं. तेच. ‘दादा’वालं. आईच्या पायांवर मामा, भोंग्यातून ते गाणं, आणि हजार बायका परत रडायला लागल्या. आता मामासाठी.

आई त्याच्या डोक्याखालून पाय काढून घेऊन खाली उतरली. आमच्या रांगेशी आली तेव्हा मी उठून उभी होते, तिची पिशवी माझ्या हातात. तिला आपल्या चपला सापडेनात, म्हणून ती वाकली. त्या पेपरमिंटवाल्या बाईने आपलं लुगडं आवरून घेतलं, विटाळ होईल असं.

“भावाला असं रडवायचं?” ती आईला म्हणाली. “जळलं मेलं असलं माहेर.”

तिच्या गालांवर मघाचे ओघळ अजून वाळले नव्हते. आईच्याच खांद्यावर रडली होती ती. मी तिला काहीतरी बोलणार होते, आईने माझा दंड धरला. आम्ही मधल्या वाटेने दाराकडे निघालो. मागची ती म्हातारी, घर तुझंबी हाय म्हणणारी, आम्हाला ‘अगं जा जा’ करून हाताने हाकलत होती. कुणीतरी अर्धा खाल्लेला वडा फेकला. तो आईच्या पाठीवर बसला आणि ठेवणीतल्या लुगड्यावर तेलाचा, चटणीचा डाग सोडून खाली पडला. वड्यावर फेकणाऱ्याचे दात उमटलेले मला दिसले.

बाहेर उन्हात आल्यावर मी पोस्टरखाली भडाभडा ओकले. वर ती नटी छातीवर हात ठेवून बघत होती. माझं पेपरमिंट पडलं, दुपारचं जेवण पडलं, तरी ओकारी थांबेना. आईने माझी पाठ चोळली, तोंड धुवायला रसवाल्याकडून पाणी आणून दिलं. आत सिनेमा परत सुरू झाला होता. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

जीप मामाने आणलेली, म्हणून आम्ही एसटी स्टँडवर चालत गेलो. मी रडत होते, आई नव्हती. मी विचारलं, आता तो आपल्याला बाहेर काढेल का? आई म्हणाली, सही केली नाही ना, मग कसं काढेल. मग बाकड्यावर बसून तिने पदरातला नारळ काढला, कट्ट्याच्या दगडावर आपटून फोडला आणि एक कवड माझ्या हातात दिली. “खा. पोट रिकामं झालंय तुझं.” नारळ गोड होता. गाडी येईपर्यंत आम्ही दोघींनी तो सगळा संपवला.

मामाने पंधरा दिवसांत आमची खोली आणि घर यांच्यामधलं दार विटा लावून बंद केलं. गिलावासुद्धा केला नाही, आमच्या बाजूला विटा उघड्याच राहिल्या, मधून चुना बाहेर आलेला. त्यांच्या नळाचं पाणी तुटलं. ते दार बांधतानाही तो रडत होता, असं गवंड्याने आईला सांगितलं. मग तो गावभर, पाहुण्यारावळ्यांत, लग्नाकार्यांत सांगत फिरला की बहिणीने हजार माणसांत माझी साडी लाथाडली. ऐकणारे हळहळायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आई कुणाला काय सांगणार? माहेरच्या घरात राहून तिचं माहेर तुटलं. बायकांनी काही दिवस ब्लाउज दुसरीकडे टाकले, मग एकेक करून परत आल्या. ब्लाउज भावाच्या मायेवर नाही, मापावर बसतो. त्याच खोलीच्या, त्याच मशीनच्या जिवावर मी नर्सिंग केलं. खतवाल्याने चौकात गाळा घेतला.

भाऊबहीण त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. मधे एक वीट होती, आणि दोन्हीकडे दोघं म्हातारी होत गेली. मामी वारली तेव्हा आई जाऊन बसून आली, तेव्हासुद्धा नाही.

गेल्या दिवाळीला मी रजा काढून आईकडे गेले होते. भाऊबीजेचा दिवस. आईची नजर आता गेल्यासारखीच आहे, तरी मशीन सोडत नाही. दुपारी मी टीव्ही लावला आणि तोच सिनेमा लागला होता. मी बंद करणार, तर आई म्हणाली, “राहू दे. मी अर्धाच बघितलाय.”

बसलो बघत. तो नट, ती कैदाशीण, ते हॉस्पिटल. मी आईला सांगत होते, एक किडनी दिल्याने माणूस मरत नाही, आमच्याकडे देणारे लोक नंतर शेतात कामं करतात. आई हं हं करत होती. मग गाणं लागलं आणि माझे डोळे भरून आले. सगळं ठाऊक असून, सगळं बघितलेलं असून, त्या लांबवलेल्या ‘दा’वर मेले डोळे भरूनच आले. मला माझीच किळस आली. मी उठून तोंड धुऊन आले.

परत आले तर विटांच्या पलीकडून तेच गाणं ऐकू येत होतं, आमच्यापेक्षा एक ओळ मागे. मामाकडेही तोच सिनेमा लागला होता. आणि गाण्याच्या खाली त्याचं रडणं. म्हातारं, खरखरीत, मधेच खोकला येऊन तुटणारं. आईने ऐकलं होतं, तिचं तोंड टीव्हीकडे होतं पण कान भिंतीकडे होता.

शेवटी पडद्यावर नटी मेली. भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळणीचं ताट हातात घेऊन, भावाच्या उंबऱ्यात. भाऊ ऊर बडवायला लागला, भावजयही पायांवर पडली, सगळी शहाणी झाली.

“मेली होय,” आई म्हणाली. तिला शेवट आत्ता कळत होता. “मेली म्हणून गोड वाटली गं लोकांना.”

मी टीव्ही बंद केला. आता नुसतं पलीकडचं ऐकू येत होतं. मी म्हणाले, याला या वयातही लाज नाही.

“लहानपणापासनं तसाच तो,” आई म्हणाली. “तंबूत बसलो की त्याची शेव आधी संपायची. मग भोकाड पसरायचा. माझ्या हातातली देईपर्यंत थांबायचा नाही. मी द्यायची, तो गप्प. सगळ्यांना सांगतो न्हवं, आक्का आपली शेव मला द्यायची? मला कधी खायलाच मिळाली नाही, तेवढं सांगत नाही.”

ती उठली. भिंतीला धरत धरत त्या विटांपाशी गेली आणि तिथे हात टेकून उभी राहिली. पलीकडे तो हुंदके देत होता. आईचा हात विटेवरच होता आणि बोटं हलत होती. मला वाटलं, आता ही ठोकणार. आता ही हाक मारणार, आणि उद्या तो दारात रडत येणार, आणि हातातलं काहीतरी घेऊन जाणार. मी तिला मागे ओढायला उठलेसुद्धा.

आईने विटांमधला चुन्याचा एक पोपडा नखाने काढून खाली टाकला.

“रडू दे,” ती म्हणाली. “दमला की झोपतो तो.”

आणि मशीनवर येऊन बसली, सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. ओवून दे म्हणाली, तिला आता दिसत नाही.